चाकात अडकलेली ओटी

अमेरिकेत मुलाकडे नाहीतर मुलीकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या आईवडिलांचे शनिवार-रविवार झकास जातात. मॉल, मंदिर, कुणाकडे तरी पॉटलकची अंगतपंगत, एकदा तो मोठा धबधबा, एकदा तो पुतळा. सोमवारी थकवा काढायचा. मंगळवारी भारतातल्या बहिणीला फोनवर सगळं रंगवून सांगायचं. आणि बुधवार उजाडला की खिडकीत बसून समोरच्या घराचं गवत कापणारा माणूस बघायचा. तोसुद्धा दर बुधवारी येत नाही.

मी त्या बुधवारची बाई. आमच्या पार्सिपनी गावात आणि आजूबाजूला मला याच नावाने ओळखायचे. ‘अहो, उद्या बुधवारची बाई येणार आहे, बूट दाराशी काढून ठेवा,’ असं एक काकू आपल्या नवऱ्याला सांगत होत्या ते मी फोनवर ऐकलं आहे.

नाव रंजना. माहेर कराडजवळ उंब्रजला. सातवीनंतर शाळा सुटली. नापास झाले म्हणून नाही, धाकटी भावंडं सांभाळायला घरात कुणी नव्हतं म्हणून. नणंदबाईंनी कागदपत्रं केली, म्हणून मिस्टरांच्या मागोमाग मीही अमेरिकेत आले. त्यांचे उपकार मी रोज देवापुढे बोलते आणि महिन्यातून एकदा त्यांच्यापुढेही बोलते, कारण त्यांना ते आवडतं. मिस्टर एका हॉटेलच्या किचनमध्ये लागले आणि मी हसमुखभाईंच्या किराणा दुकानात, मागच्या खोलीत, भेंडी आणि गवार पॅक करायला.

हसमुखभाई मूळचे घाटकोपरचे, त्यामुळे मराठी बोलायचे; स्वतःचं. दुकानाची एक मोठी व्हॅन होती. ती एअरपोर्टच्या भाड्याला जायची, पण आठवड्याच्या मधोमध उभी असायची. दुकानात येणाऱ्या काकू रोज गाऱ्हाणं करायच्या, की इथं दिवस जात नाही. २००३ च्या उन्हाळ्यात हसमुखभाईंनी या दोन गोष्टी जोडल्या आणि म्हणाले, “रंजनाबेन, तुम्हाला गाडी येते ने? मग या लोकांना कुठे तरी घेऊन जाव.”

गाडी येत होती. पण प्रवासी न्यायला वेगळं लायसन्स लागतं. त्या परीक्षेला मी इतकी घाबरले होते, की साहेब गाडीजवळ आले तशी सवयीने त्यांच्या पाया पडायला वाकले. त्यांना वाटलं माझं काहीतरी खाली पडलं. तेही शोधायला वाकले. दोघांची डोकी आपटली. त्यानंतर मी गाडी चांगली चालवली असणार, कारण पास केलं त्यांनी. की आणखी एकदा माझ्यासमोर उभं राहायची त्यांची तयारी नव्हती, देव जाणे.

आता माझा धंदा काय ते सांगते, कारण लोकांना वाटतं गाडी चालवली की झालं. अमेरिकेतलं खेडं दाखवायचा हा धंदा. पार्सिपनीहून हायवेने निघालं, डेलावेअर नदी ओलांडली, की पेनसिल्व्हेनिया. तिथून आत डोंगरांच्या मध्ये एक खोरं आहे. सफरचंदाच्या बागा, शेळ्यांचं एक फार्म, छप्पर असलेला लाकडी पूल, ऑक्टोबरात मक्याच्या उभ्या पिकात वाटा कापून केलेला भूलभुलैया, जुन्या कालव्याच्या काठाने जाणारी पायवाट आणि शेवटी पाण्यावर चालणारी पिठाची गिरणी. हे सगळं बघून अंधाराच्या आत माणसं आपापल्या दाराशी पोचवायची. यात गाडी चालवणं सगळ्यात सोपं. रस्त्यातलं प्रत्येक स्वच्छ बाथरूम डोक्यात ठेवणं हे खरं ज्ञान. कुणाला जेवणाआधीची गोळी, कुणाला जेवणानंतरची, आणि कोण गोळी खाल्ली म्हणून खोटं सांगून गुपचूप पेढा खाणार, हे चेहऱ्यावरून ओळखायचं. सकाळी निघताना मुलींचे फोन यायचे, “रंजनाताई, आईला जास्त वॉक करायला लावू नका हं, तिला नी प्रॉब्लेम आहे.” आणि त्याच आईला भूलभुलैयातून बाहेर काढायला मला मक्यातून पळावं लागायचं.

मला इंग्रजी धड वाचता येत नव्हतं, पण जंगलातल्या वाटांचं काम वाचण्याचं नसतंच. तिथे झाडांच्या बुंध्यांवर रंगाचे पट्टे मारलेले असतात. पिवळी वाट सोपी, निळी चढाची, लाल वाट आमच्यासाठी नाही. पट्टा दिसला की बरोबर आहात. पट्टा दिसेनासा झाला की परत फिरा. माझ्यासारखीला याहून चांगली लिपी कुठली?

पण आपल्या माणसांना ‘वॉक’ समजावून सांगणं अवघड. नागपूरचे देशपांडे काका, बँकेतून रिटायर झालेले, दर सीझनला मुलाकडे यायचे आणि माझ्या गाडीत पहिल्याच सीटवर बसायचे. पहिल्या दिवशीचा आमचा संवाद अजून आठवतो.

“काय आहे जी इथे?”

“जंगल आहे काका.”

“अन् जंगलात?”

“चालायचं.”

“कुठवर?”

“गोल फिरून परत गाडीपर्यंत.”

काका जरा विचारात पडले. “म्हणजे मी गाडीतच बसून राह्यलो, तर मी सगळ्यांच्या आधी पोचलो नं?”

त्याच काकांनी छप्पर असलेला पूल बघून विचारलं होतं, “पुलाले छप्पर काहून? भिजला तर सर्दी होते का त्याले?” मी सांगितलं, की लाकूड कुजू नये म्हणून. काकांनी खांब ठोकून पाहिला, मान हलवली आणि मग अर्धा तास तिथून हलेनात. पुलाच्या आत उभं राहून बोललं की आवाज घुमतो हे त्यांना कळलं होतं. त्यांनी अथर्वशीर्ष म्हटलं. एक गाडी पलीकडे थांबून राहिली, हॉर्न न वाजवता. अमेरिकेत हॉर्न वाजवत नाहीत याचा आपल्या माणसांनी फार गैरफायदा घेतला आहे.

ते दिवस तसे सोपे नव्हते. दोन वर्षांपूर्वी न्यूयॉर्कमध्ये जे झालं, त्यानंतर खेडेगावात अनोळखी सावळी माणसं घोळक्याने उतरली की खिडकीचे पडदे हलायचे. मला ते दिसायचं. गाडीतल्या काकामंडळींना दिसायचं नाही, कारण त्यांचं लक्ष थंडीकडे असायचं. एकदा सप्टेंबरात जरा गार वारा सुटला. बाथरूमसाठी फार्मच्या दुकानाशी गाडी थांबवली आणि मी मागचं दार उघडेपर्यंत चार काका माकडटोप्या चढवून, फक्त डोळे उघडे, थेट आत शिरले. काउंटरवरच्या मुलीने दोन्ही हात वर केले.

सगळ्यात पुढच्या काकांनी अतिशय नम्रपणे विचारलं, “बाथरूम, प्लीज?”

मुलीने वर केलेल्या हातानेच दिशा दाखवली. मी धावत जाऊन “सॉरी, सॉरी, कोल्ड, ओल्ड मॅन, कोल्ड” असं काय काय बोलले. मग ती हसली, पाणी प्यायली आणि तिने मला एक सफरचंद दिलं. मी ते गाडीत बसून बियांसकट खाल्लं. त्या दिवसापासून नियम केला, माकडटोपी गाडीतच राहील. सगळ्यांनी पाळला. एका काकांनी विचारलं, “मग मफलर?” मी म्हटलं, मफलर नाकाच्या खाली.

मी घाबरट आहे हे एव्हाना कळलंच असेल. कारणही होतं. हसमुखभाई पहिल्याच दिवशी म्हणाले होते, “रंजनाबेन, काम चांगला करा. पण बाहेरून एक बी कंप्लेंट आला ने, तर गाडी एअरपोर्टला आणि तुम्ही बुधवारी बी पाछा भेंडीमध्ये.” वाईट माणूस नव्हता, दुकान चालवायचं होतं त्याला. पण मला भेंडीत परत जायचं नव्हतं. त्या मागच्या खोलीला खिडकी नव्हती. बुधवारी माझ्यासमोर अख्खं खोरं असायचं आणि मागून कुणीतरी म्हणायचं, “रंजना, जरा हळू घे गं, ती गाय बघू दे.” शिकलेल्या, मोठ्या हुद्द्यावरून उतरलेल्या माणसांनी माझ्या मागे मी सांगेन त्या वाटेने चालायचं, ‘आता कुठे गं?’ म्हणून मला विचारायचं, हे सुख मला आयुष्यात दुसऱ्या कुणी दिलं नव्हतं. ते जाईल या भीतीने मी प्रत्येक मंगळवारी नीट झोपत नसे.

आता गिरणीकडे येते.

गिरणी दगडी, जुनी, गावातल्या एका कमिटीच्या ताब्यात होती. वरच्या तळ्यातलं पाणी एका चरातून आणि पुढे लाकडी पन्हळीतून येऊन मोठ्या चाकावर पडायचं. चाक फिरलं की आतलं जातं फिरायचं. ती फक्त शनिवार-रविवारी उघडी असायची, बघणाऱ्यांसाठी. वॉल्टर नावाचे एक उंच म्हातारे ती चालवायचे. बोलायचे थोडं, आणि तेही चाकाच्या आवाजात. ते इंग्रजीत बोलत. मला जेवढं समजलं तेवढं इथे मराठीत लिहिते.

पहिल्या वेळी आम्ही नुसतं बाहेरून बघायला गेलो होतो. वॉल्टर गिरणीला कुलूप लावून बाहेर काहीतरी दुरुस्त करत होते. आमच्यातल्या एका काकूंनी चाक पाहिलं, खिडकीतून जातं पाहिलं, आणि मला म्हणाल्या, “विचार त्यांना, दळून देतात का?”

“काकू, हे दाखवायचं आहे. म्युझियमसारखं.”

“म्युझियम असू दे. गिरणी आहे ना? विचार.”

मी विचारलं. म्हणजे मी म्हटलं, “शी हॅव व्हीट. यू मेक फ्लोर?” वॉल्टरनी हातातला पाना खाली ठेवला. पुढच्या बुधवारी काकू खरोखर स्टीलच्या डब्यात गहू घेऊन आल्या. झाकणावर नाव लिहून. आणि वॉल्टरना खुणेने दाखवलं, बारीक, अगदी बारीक. वॉल्टरनी दळून दिलं. काकूंनी पीठ चिमटीत धरून पाहिलं आणि म्हणाल्या, “जाड आहे. पण वास बघ, वास!” वॉल्टर नंतर मला म्हणाले, की त्यांच्या आजोबांच्या वेळेला लोक असे आपापलं धान्य घेऊन यायचे. त्यांच्या स्वतःच्या वेळेला मात्र फक्त कॅमेरे घेऊन आले. या बाई पहिल्या.

तिथून पुढे वॉल्टर बुधवारी आमच्यासाठी गिरणी उघडायला लागले. गाडीत मागे दळणाचे डबे खडखडायचे. एकांनी भाजणी आणली. देशपांडे काकांनी ज्वारी आणली, ती कुठून मिळवली ते त्यांनी कधी सांगितलं नाही. कमिटीला हे सगळं माहीत होतं की नाही, मी विचारलं नाही. मला भीतीच होती, की विचारलं तर उत्तर येईल.

२००५ च्या ऑक्टोबरात उषामावशी गाडीत आल्या. वाईच्या, प्राथमिक शाळेतल्या रिटायर्ड बाई, बुटक्या, हसऱ्या, मांडीवर एक मोठी कापडी पिशवी घट्ट धरून बसलेल्या. मी म्हटलं, “मावशी, पिशवी मागे ठेवू का?” तर म्हणाल्या, “नको गं, राहू दे. जवळ बरी.” लेकीचं पहिलं बाळंतपण करायला आल्या होत्या. बाळंतपण अवघड गेलं होतं, दोन दिवस सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं, हे त्यांनी नदी ओलांडेपर्यंत सगळ्या गाडीला सांगितलं. “पण झालं हो नीट. मुलगी झाली. नाकीडोळी अगदी माझी.”

गिरणीशी पोचलो. वॉल्टरनी सगळ्यांना आत बोलावलं. मी मोजणी केली, एक माणूस कमी वाटलं, पण आपली माणसं बाथरूमला गेलेली असतात, म्हणून मी थांबले नाही. वॉल्टरनी दोर ओढला, पन्हळीत पाणी सुटलं, चाक कुरकुरत फिरायला लागलं, जात्याचा घर्र आवाज सुरू झाला. देशपांडे काका नव्या माणसांना समजावून सांगत होते, जणू गिरणी त्यांनी बांधली होती.

आणि मग बाहेरून असा आवाज आला, जसा बैलगाडीचं चाक दगडावर चढल्यावर येतो. जातं थांबलं. सगळी इमारत एकदा हादरली आणि गप्प झाली.

वॉल्टर खिडकीकडे धावले. मीही. चाकावरून लाल पाणी गळत होतं.

वॉल्टरचा चेहरा पांढरा पडला. “कोण आहे खाली?” ते ओरडले. “कुणी पडलं का?” आणि त्यांनी दोर सोडून पाणी बंद केलं आणि त्या वयात जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या उतरत बाहेर पळाले. मीही त्यांच्या मागे पळाले. एक माणूस कमी होतं, ते मला तेव्हाच आठवलं.

बाहेर आलो तर तळ्याच्या काठावर उषामावशी हात जोडून, डोळे मिटून उभ्या. अगदी सुखरूप. पायाशी रिकामी पिशवी.

“मावशी! तुम्ही काय केलंत?”

मावशींनी डोळे उघडले. “काही नाही गं, ओटी भरली. कृष्णेला बोलले होते, लेक सुटली की तुझी ओटी भरीन. परत जायला अजून चार महिने आहेत. तोवर थांबवायचं का तिला? नदी ती नदी. इथे पाणी कसं छान वाहतं आहे बघ. खण, बांगड्या, कुंकू, सगळं वाईहूनच घेऊन आले होते. नारळ तेवढा हसमुखभाईंचा.” मग त्यांना आमचे चेहरे दिसले. “का? काय झालं?”

झालं हे, की चराच्या तोंडाशी एक लाकडी जाळी असते, पालापाचोळा अडवायला. वॉल्टरनी ती त्या सकाळी धुवायला काढली होती, ती गवतावर वाळत पडली होती. मावशींचा नारळ, हिरव्या खणात गुंडाळलेला, वर कुंकवाची पुडी खोचलेली, तळ्यातून चरात, चरातून पन्हळीत, आणि पन्हळीतून चाकाच्या आणि भिंतीच्या मध्ये जाऊन पाचरीसारखा बसला होता. कुंकू सगळ्या चाकावर पसरलं होतं. एका फळीला हिरवा खण लोंबकळत होता, जरीचा काठ उन्हात चमकत होता. चाक एखाद्या नव्या नवरीसारखं दिसत होतं आणि तसंच हटून बसलं होतं.

आमच्या मंडळींनी तातडीने मराठीत सभा भरवली.

“काही सांगू नका. वरून वाहत आलं म्हणायचं.”

“वरून? पेनसिल्व्हेनियात नारळाची झाडं आहेत का हो?”

“त्याला थोडंच माहिती आहे हे काय आहे ते.”

“कुंकवाचं काय सांगाल?”

“रंजना, तू काही बोलू नको, मी बोलतो इंग्लिशमध्ये,” असं एक काका म्हणाले, आणि मग बोलले नाहीत. उषामावशी रडवेल्या होऊन म्हणाल्या, “अगं, मी बघून सोडला होता, तिला लागू नये म्हणून हळूच.”

वॉल्टर सगळ्यांकडे बघत उभे होते. त्यांची छाती अजून वरखाली होत होती. त्यांना वाटलं होतं माणूस मेलं. खोटं सांगायला माझ्याकडे इंग्रजी नव्हतं. खऱ्यापुरतंही जेमतेमच होतं. मी मावशींचा हात धरला आणि म्हटलं, “हर डॉटर, बेबी कम. व्हेरी डिफिकल्ट. नाऊ गुड. रिव्हर इज मदर. शी से थँक यू टू मदर. गिव्ह ब्लाउज पीस. गिव्ह कोकोनट. रेड इज पावडर. नोबडी डाय.”

वॉल्टरनी एकदा मावशींकडे पाहिलं, एकदा लोंबकळणाऱ्या खणाकडे. मग वॉल्टर म्हणाले, “बॉय ऑर गर्ल?”

“गर्ल.”

त्यांनी मान हलवली आणि आतून दोर आणला. चाक उलटं फिरवायचं, एवढाच उपाय होता. दोर चाकाच्या आऱ्याला बांधला आणि दुसरं टोक आमच्या हातात दिलं. बँक, शाळा, पाटबंधारे खातं, पोस्ट, सगळी रिटायर्ड खाती त्या दोराला लागली. काकूंनी पदर खोचले. नी प्रॉब्लेमवाल्या आई सगळ्यात पुढे. देशपांडे काका ओरडले, “हर हर महादेऽऽव!” आणि सगळ्यांनी ओढलं. तिसऱ्या हिसक्याला कडाड आवाज झाला, नारळ सुटून खालच्या डोहात पडला आणि शेंडी वर करून तरंगायला लागला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वॉल्टरनी वाजवल्या नाहीत. चाकाची एक फळी तडकली होती.

त्यांनी लांब दांडीच्या दाताळ्याने नारळ काठाशी ओढला, उचलला, सगळीकडून फिरवून पाहिला. फुटला नव्हता. तो घेऊन ते उषामावशींकडे आले आणि दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरला. त्यांना एवढंच म्हणायचं होतं, की बाई, तुमची वस्तू. पण मावशींनी चटकन पदर पसरला. देवळात पुजारी ओटीतला नारळ प्रसाद म्हणून परत देतो तेव्हा पसरतात, तसाच. वॉल्टरनी नारळ त्यात ठेवला. मावशी वाकून नमस्कार करून मला म्हणाल्या, “पावली गं. मान्य केली तिने.”

बाकी सगळ्यांचं तिथे भागलं. माझं नव्हतं भागलं. गाडीपाशी वॉल्टर म्हणाले, “फळी तुटली आहे. कमिटीला सांगावं लागेल मला.” मी म्हटलं, “येस सर.” परत येताना मागे नारळाची बर्फी करायची की नुसतं खोबरं वाटायचं यावर वाद चालला होता. मला रस्ताही नीट दिसत नव्हता.

संध्याकाळी मीच हसमुखभाईंना सगळं सांगितलं. बाहेरून कळण्याआधी आपण सांगितलेलं बरं. ते ऐकत राहिले, मग कपाळावर हात मारून म्हणाले, “रंजनाबेन, माझ्याच दुकानचा नारळ?” आणि पुढे, “फोन येऊ दे. पछी बघू.” तो सगळा आठवडा मी मागच्या खोलीत भेंडी पॅक करत होते आणि पुढे फोन वाजला की हात थांबायचा. मिस्टर म्हणाले, “भेंडी तर भेंडी, नोकरी तर आहे ना?” ते खरंच होतं. मी त्याबद्दलही देवाचे आभार मानले, आणि मग मोरीत जाऊन रडले.

मंगळवारी फोन आला. हसमुखभाईंनी दाराशी येऊन सांगितलं, “गिरणीवाला होता. उद्या लोकांना घेऊन यायला बोलला. पण तुमच्याशी काम छे. समोरासमोर बोलणार.” मी विचारलं, चिडलेले होते का? ते म्हणाले, “अमेरिकन माणूस. कसं कळणार?”

बुधवारी मी गाडी अशी चालवली जशी लायसन्सच्या परीक्षेलाही चालवली नसेल. देशपांडे काकांनी वाटेत दोनदा विचारलं, “काय नं रंजनाबाई, आज गायी नाही दाखवत?” मी नाही दाखवल्या.

वॉल्टर गिरणीच्या दारात उभे होते. चाकात काळ्या फळ्यांमध्ये एक नवी पिवळी फळी बसवलेली दिसत होती. मंडळी उतरून माझ्या मागे उभी राहिली. वॉल्टर हळू, मला समजेल असं बोलले.

“कमिटीने ठरवलं आहे. आजपासून चाकाच्या वरच्या पाण्यात काहीही टाकायचं नाही. कुणीही नाही.”

“येस सर.”

“काहीही नाही.”

“येस सर. सॉरी सर. आणि बुधवार?”

“बुधवारचं ते काही बोलले नाहीत.” त्यांनी नव्या फळीकडे पाहिलं. “चाकाच्या खालच्या पाण्याबद्दलही काही बोलले नाहीत.”

आणि ते आम्हाला गिरणीला वळसा घालून मागे घेऊन गेले. तिथे चाकातून सुटलेलं पाणी ओढ्याला मिळतं. काठ उताराचा, घसरडा होता. तिथे दोन रुंद सपाट दगड नव्याने बसवलेले होते, एकाखाली एक, बाजूने खुंटे ठोकून दोर बांधलेला, धरायला. कडेची माती अजून ओली होती. “कापड नको,” वॉल्टर म्हणाले, “माशांना त्रास होतो. फळं चालतील.”

मी मंडळींना मराठीत सांगितलं. एक काकू म्हणाल्या, “अगंबाई, पायऱ्या केल्या त्यांनी!” देशपांडे काकांनी वॉल्टरचा हात धरून जो हलवायला सुरुवात केली, तो सोडेनातच.

सगळे आत दळण टाकायला गेले, तेव्हा मी गाडीतून एक सफरचंद आणि डब्यातले मूठभर तांदूळ घेतले आणि एकटीच मागे आले. अमेरिकेत आल्यापासून मी कुठल्या पाण्याची ओटी भरली नव्हती. कुणी बघेल, काही म्हणेल, ही भीती. दोर धरून दोन दगड उतरले, तांदूळ सोडले, सफरचंद सोडलं, हात जोडले. वळले तर वॉल्टर वर उभे होते.

“हे कुणाच्या बाळासाठी?” त्यांनी विचारलं.

“बाळ नाही. माझ्या नोकरीसाठी.”

त्यांना वाईट वाटलं. “तुझी नोकरी गेली?”

“नाही.”

“मग?”

मी म्हटलं, “म्हणूनच.”